शंकेची फी ४७,२०० रुपये

निकालाच्या रात्री मोहल्ल्यात मला हमखास एकच सवाल येतो, "तू सॉफ्टवेअरवाला ना? सांग, मशीन हॅक होतं का?"

माझ्याकडे पुरावा नाही. व्हॉट्सॲपच्या फॉरवर्डला मी पुरावा मानत नाही. माझा सवाल साधा आहे: व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या छापता, मग सगळ्या मोजत का नाही?

म्हणे, हातमोजणी महाग पडते. चला, हिशेब करू.

२०१९ पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रात फक्त पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजतात. महाराष्ट्रात २८८ मतदारसंघ, म्हणजे १,४४० केंद्रं. एकूण केंद्रं सुमारे एक लाख. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव केंद्रांच्या चिठ्ठ्या बंदच राहतात. २०२४ मध्ये मालेगाव मध्यचा निकाल १६२ मतांनी लागला. तिथे पाच केंद्रांवरून काय कळणार?

आता वेळ. एका केंद्राच्या चिठ्ठ्यांना साधारण एक तास. मतदारसंघात तीनशे केंद्रं आणि चौदा टेबलं धरा. बावीस तास झाले, म्हणजे दोन-तीन दिवस. २०२४ च्या लोकसभेला १९ एप्रिलला मत देणाऱ्यांनी ४ जूनपर्यंत ४६ दिवस वाट पाहिली. आणखी तीन दिवस जड झाले असते?

आता पैसा. एकत्र निवडणुका घेतल्या तर नव्या यंत्रांवर दर १५ वर्षांनी सुमारे १०,००० कोटी लागतील, असा आयोगाचाच अंदाज आहे. त्यात मोजणाऱ्यांचा तीन दिवसांचा भत्ता बसत नाही?

२०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने शंभर टक्के मोजणी नाकारली. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर हरलेल्या उमेदवाराला पाच टक्के यंत्रं तपासून घेता येतात, पण आयोगाने तेव्हा एका संचाची फी ठरवली ४०,००० रुपये अधिक जीएसटी. गडबड निघाली तरच पैसे परत. हातमोजणीचा खर्च वाचवला आणि बिल शंका घेणाऱ्याच्या हातात दिलं.

मतपत्रिकेकडे परत चला, असं मी म्हणत नाही. बूथ लुटण्याचे किस्से आपल्या वडीलधाऱ्यांना आठवतात. मशीनने त्याच दिवशी मोजावं, माणसांनी नंतर ताळा करावा. माझा कोड मी स्वतः पास करत नाही, टेस्टर करतो. देशाचा निकाल त्याहून स्वस्त आहे का?

खरी महाग गोष्ट वेगळीच आहे: "मत देऊन काय फायदा" म्हणत घरी बसलेला आपला पोरगा. दोस्तांनो, पुढच्या निवडणुकीत पोलिंग एजंट व्हा. संध्याकाळी फॉर्म १७-सीची प्रत घ्या आणि मोजणीच्या दिवशी आकडा जुळवा. त्याला अजून फी लागत नाही.