क्रिकेट : चेंडूचा न्याय

क्रिकेटमध्यें प्रत्येक पक्षांत ११ गडी. २२ यार्डांच्या खेळपट्टीच्या दोन्ही टोकांस तीन तीन यष्ट्या. गोलंदाजाच्या चेंडूनें यष्टी उडाली अथवा टोलविलेला चेंडू जमिनीस लागण्यापूर्वीं कोणीं झेलला, कीं फलंदाज बाद. मग तो कोणत्याहि कुळांतला असो. हा समान न्याय मैदानापुरताच राहतो, हें मात्र आम्हांस खटकतें.

बाळू पालवणकर हे चर्मकार समाजांतील डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्यास सवर्ण गडी त्यांनीं टाकलेला चेंडू निःशंक हातीं धरीत. चहाच्या वेळीं मात्र त्यांस मंडपाबाहेर मातीच्या भांड्यांत चहा मिळे. चेंडूस विटाळ नाहीं आणि कपास आहे, हें कोणतें शास्त्र? १९११ सालीं विलायतेच्या दौऱ्यांत याच बाळूंनीं ११४ बळी घेतले. तरीहि हिंदु संघाचे कर्णधार म्हणून त्यांची नेमणूक झाली नाहीं. तो मान १९२३ सालीं त्यांचे बंधु विठ्ठल यांस मिळाला, आणि त्या वर्षीं हिंदु संघ मुंबईचे चौरंगी सामने जिंकला.

गीतेंतील समदर्शित्व आपण मुलांकडून पाठ करून घेतों. वाचकहो, क्रिकेटचे नियम शिकवितांना ही हकीकतहि त्यांस सांगावी.