मुक्त प्रणालींचे बिऱ्हाड

विद्याविहारला कार्यालय असलेल्या 'फ्रापे' कंपनीची 'ईआरपीनेक्स्ट' ही हिशेब-व्यवहाराची संगणकप्रणाली आज देशोदेशीचे व्यापारी-कारखानदार वापरीत आहेत. पवईच्या आयआयटीतील 'फॉसी' प्रकल्पाने विद्युत्-मंडलांच्या आरेखनासाठी 'ईसिम' ही प्रणाली सिद्ध केली आहे. दोन्ही मुक्त आहेत. त्यांची मूळ आज्ञावली कोणीही वाचावी, सुधारावी, वाटावी. मात्र ती पाहू इच्छिणाऱ्यास विद्याविहारला अथवा पवईला जावे लागत नाही. त्याला जावे लागते 'गिटहब' या अमेरिकी कंपनीच्या दारी. मुक्ततेचा उद्घोष करणाऱ्यांनी आपले दप्तर परक्याच्या वाड्यात का ठेवावे, हा प्रश्न तंत्रज्ञांपुरता राहिलेला नाही.

या निवडीला मूर्खपणा म्हणता येणार नाही. बोरिवलीत दुकान थाटणारा स्टेशनाजवळचीच जागा पाहतो, कारण गिऱ्हाईक तेथून जाते. मुक्त प्रणाली तर अनोळखी हातांच्या श्रमावरच वाढते, आणि ते हात जेथे आधीच जमले आहेत तेथे बिऱ्हाड करणे व्यवहाराला धरून आहे. शिवाय भाडे नाही. पण भाडे नसलेल्या जागेत भाडेकरूचा हक्कही नसतो, याचा अनुभव मुंबईकराला निराळा सांगावयास नको.

डिसेंबर २०१४ मध्ये दूरसंचार विभागाने ३२ संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश काढला. त्यात गिटहब होते, सोर्सफोर्जही होते. दहशतवादी प्रचाराचे निमित्त होते आणि मागणी महाराष्ट्राच्याच दहशतवादविरोधी पथकाची होती. म्हणजे येथल्या प्रकल्पांना आपल्याच आज्ञावलीचे दार बंद झाले ते येथल्याच अर्जावरून! गिटहबवरील बंदी लवकरच उठली, ही गोष्ट वेगळी. पुढे २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने साडेसात अब्ज डॉलरना गिटहब विकत घेतले. २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांपायी इराण व सीरियातील प्रोग्रामरांच्या खात्यांवर बंधने आली. गुगलसारख्या धनाढ्य कंपनीनेही आपले 'गुगल कोड' हे स्थळ २०१६ मध्ये गुंडाळले.

यावर तंत्रज्ञांचे उत्तर ठरलेले आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये रचलेल्या 'गिट'मुळे प्रत्येकाजवळ आज्ञावलीची इतिहासासह पूर्ण प्रत असते, मग घरमालक बदलण्यात अवघड ते काय? हे उत्तर अर्धेच खरे आहे. आज्ञावली हलते, परंतु कोणता दोष कोणी कळविला, कोणती सुधारणा का नाकारली, वाद कसा मिटला, हा सारा पत्रव्यवहार घरमालकाच्या फडताळात राहतो. दहा वर्षांनी प्रकल्प हाती घेणाऱ्यास आज्ञावलीइतकीच त्याचीही गरज पडते. तेव्हा जागा घेताना तिच्या सोयी जितक्या पाहाव्यात तितकेच सामानासह बाहेर कसे पडता येईल हेही पाहावे. या कसोटीवर बर्लिनमधील नोंदणीकृत संस्थेने चालविलेले 'कोडबर्ग', किंवा स्वतःच्या यंत्रावर मांडता येणारी 'गिटलॅब'ची मुक्त आवृत्ती, यांचा विचार अवश्य व्हावा.

स्वतःचे घर बांधा, असे सांगणे मात्र सोपे आहे. या शतकाच्या आरंभी तिरुवनंतपुरमला 'सरोवर' या नावाने भारतीय मुक्त प्रकल्पांसाठी असे घर बांधले गेले होते. आज ते नाही. यंत्र स्वस्त मिळते, पण ते रोज सांभाळणारा, सुरक्षेच्या फटी बुजविणारा, कचरा-संदेश झाडणारा माणूस फुकट मिळत नाही. मुलुंडच्या दोन विद्यार्थ्यांनी रात्री जागून केलेल्या प्रणालीकडून ही अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. त्यांनी खुशाल गिटहबवर जावे, फक्त पत्रव्यवहारासह सर्व मजकुराची प्रत नियमाने घरी उतरवून ठेवावी.

सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थांना ही सवलत देता येणार नाही. शासकीय प्रणालींची आज्ञावली खुली करण्याचे धोरण केंद्राने २०१५ मध्येच आखले व त्यासाठी 'ओपनफोर्ज' हे स्थळही उभारले. पवईची आयआयटी किंवा जुहूचे सी-डॅक यांच्यापाशी यंत्रे आहेत, मनुष्यबळ आहे. मूळ प्रत त्यांच्या स्वतःच्या पत्त्यावर असावी आणि गिटहबवर तिची शाखा, हा क्रम त्यांना अशक्य नाही. अनुदान मंजूर करतानाच, प्रकल्प संपल्यानंतरही हे दप्तर कोण सांभाळणार आणि त्याचा खर्च कोणत्या खात्यातून होणार, हे मंत्रालयाने लेखी मागावे.