घोळणा फुटला तर...

मंडळी, इकडे फर्नेस सुरू झाली की मुलांचे घोळणे फुटायला लागतात. कारण साधं आहे. उणे १० सेल्सियसच्या हवेत दर घनमीटरला जेमतेम सव्वादोन ग्रॅम बाष्प मावतं. तीच हवा घरात २१ अंशांपर्यंत तापवली की आर्द्रता ११ टक्क्यांच्या आसपास येते. नाकाच्या पडद्यावर पुढेच बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. तिथलं अस्तर सुकतं, खपली धरते, आणि मुलांचं बोट नेमकं तिथेच पोचतं!

आजी म्हणते, "मान वर कर, कांदा हुंग." कांदा राहू दे, पण मान वर नकोच, रक्त घशात उतरतं, मळमळतं. मुलाला बसवा, पुढे वाकवा, नाकाचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरा. घड्याळ लावून १० मिनिटं. मधे सोडून बघायचं नाही (आयांना हेच जमत नाही). थांबलं नाही तर आणखी १० मिनिटं. तरीही वाहतंय, किंवा डोक्याला मार लागलाय, तर सरळ इमर्जन्सी. भारतातून आलेले आईवडील रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असतील, तर डॉक्टरांना लगेच फोन करा.

ह्युमिडिफायर ३० ते ४० टक्क्यांवर ठेवा. कडाक्याच्या थंडीत त्याहून वर गेलात तर खिडक्यांवर पाणी साचून बुरशी धरते.