हुनर आहे, कागद नाही

दहावीचा निकाल लागला की आमच्या मालाडच्या मालवणीत घरोघरी एकच प्रश्न असतो: सायन्स की कॉमर्स? आयटीआयचं नाव निघतं ते टक्के कमी पडल्यावर, तेही हळू आवाजात. ‘पोरगा आयटीआयला आहे’ हे सांगताना अब्बांची मान खाली जाते. बयानात आपण हाताच्या कमाईची महती ऐकतो, पण रिश्ता ठरवताना ती विसरतो.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पदवीचा मला उपयोग झाला, ती मी कमी लेखत नाही. पण प्रत्यक्ष काम मी शिकलो ते नोकरीत, सीनिअरच्या शेजारी बसून. त्यामुळे काम करत शिकणं हा ‘कच्च्या’ मुलांचा मार्ग आहे, हे मला पटत नाही.

खरं तर आपल्या समाजाला ही पद्धत नवी नाही. गॅरेजमध्ये, एसी दुरुस्तीच्या दुकानात, वेल्डिंगच्या कामावर उस्तादाच्या हाताखाली आपली मुलं वर्षानुवर्षं शिकत आली आहेत. हुनर पक्कं असतं. नसतो तो कागद. मग कंपनीच्या किंवा आखाती नोकरीच्या मुलाखतीत सर्टिफिकेट विचारलं की तोच कारागीर ठेकेदाराच्या रोजंदारीवर परत येतो.

आयटीआय आणि अप्रेंटिसशिप नेमकं हेच अंतर भरून काढतात. २०१६ पासून आयटीआयमध्ये ‘ड्युअल’ पद्धत आली: काही महिने संस्थेत, काही महिने कारखान्यात. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यानुसार लेखी करार होतो, विद्यावेतन मिळतं, कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची असते. २०१९ च्या नियमांनी तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना अप्रेंटिस घेणं बंधनकारक केलं. रेल्वेत अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांसाठी लेव्हल-१ च्या भरतीत २० टक्के जागा राखीव असतात.

‘कंपन्या स्वस्तात राबवून घेतात,’ हा आक्षेप मात्र खोटा नाही. कायद्याच्या नजरेत अप्रेंटिस कामगार नसतो, आणि वर्ष संपल्यावर नोकरी देण्याची सक्ती मालकावर नाही. कुठे मुलाला मशीनजवळ उभंही करत नाहीत, नुसती हमाली करून घेतात. पण यावर उपाय तोंड फिरवणं हा नव्हे. सही करण्याआधी विचारा: करार नोंदवलेला आहे का? शिकवणार कोण? विद्यावेतन बँकेत जमा होणार का? शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र आहे का?

‘पुढचं शिक्षण बंद होतं’ हा समज तर चुकीचाच आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केला की पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. वाट लांब आहे, पण बंद नाही. शिवाय त्या वाटेवर हातात कमाई असते.

म्हणून मोहल्ल्यातल्या शिकलेल्या तरुणांना माझी विनंती आहे. निकालाच्या दिवसांत एक टेबल मांडा. मुलांचे आणि मुलींचेही आयटीआयचे ऑनलाइन अर्ज भरून द्या, करार वाचून दाखवा. गॅरेजमधल्या शागिर्दालाही विचारा, त्याची दहावी राहिली आहे का, आणि फॉर्म नंबर १७ भरून त्याला परीक्षेला बसवा. उस्तादाने हुनर दिलं आहे. कागद मिळवून देणं आपल्या हातात आहे.