बारा म्हाताऱ्यांना नोटीस कोणी दिली?

१५ एप्रिल २०१९ रोजी पॅरिसमधील नोत्र दाम कॅथेड्रलला आग लागली आणि दोन-चार दिवसांतच व्हिक्टर ह्यूगोची १८३१ सालची कादंबरी फ्रान्समध्ये पुन्हा धडाधड खपू लागली. इमारतीच्या दुरुस्तीसाठी ८० कोटी युरोंहून अधिक देणग्या जाहीर झाल्या. त्याच काळात पॅरिसच्या रस्त्यावर पिवळी जाकिटे घालून महागाईविरुद्ध उतरलेल्या लोकांनी सवाल केला की, दगडांसाठी एका रात्रीत एवढा पैसा निघतो, मग माणसांसाठी का निघत नाही? डिसेंबर २०२४ मध्ये ते कॅथेड्रल लोकांसाठी पुन्हा खुले झाले.

रस्त्यावरच्या त्या लोकांचा सवाल नवा नाही. चर्च आणि कॅथेड्रलच्या आवारात घडणाऱ्या कादंबऱ्यांत तो कधीचा पडून आहे. आपल्याकडे इंग्रजीचे प्राध्यापक या कादंबऱ्या शिकवतात ते रंगीत काचा, घंटानाद आणि पाद्र्यांच्या गमतीजमती सांगत. माझा पेशा वकिलीचा. मला त्यांत आधी दिसते ते मृत्युपत्र, मग जमीन आणि मग त्या जमिनीचे भाडे कोणाच्या खिशात जाते ते.

या दृष्टीने वाचावी अशी कादंबरी म्हणजे अँथनी ट्रोलपची 'द वॉर्डन'. साल १८५५. ट्रोलप पोस्ट खात्यातला नोकर. सॉल्सबरीच्या कॅथेड्रलभोवती एका संध्याकाळी फिरताना त्याला ती सुचली, असे त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. बार्चेस्टर हे गाव काल्पनिक. तेथील जॉन हायरम नावाच्या माणसाने १४३४ साली मृत्युपत्र करून आपले घर आणि कुरणे दान दिली. कशासाठी? काम होत नाही अशा बारा म्हाताऱ्या लोकर पिंजणाऱ्यांना निवारा आणि पोटगी मिळावी म्हणून. देखरेखीला एक वॉर्डन, त्यालाही ठरावीक रक्कम. पुढे गावात लोकर पिंजणारे उरले नाहीत, तेव्हा थकलेले माळी, कबरी खोदणारे, चर्चचे म्हातारे नोकर असे लोक आश्रमात घेतले जाऊ लागले. आणि कुरणांवर घरे उठली, भाडे वाढत गेले.

आता हिशेब पाहा. प्रत्येक म्हाताऱ्याला दिवसाला एक शिलिंग चार पेनी. बारा जणांचे मिळून वर्षाला होतात २९२ पौंड. वॉर्डन एकटा, त्याला ८०० पौंड आणि बागेसह बंगला. हा वॉर्डन, सेप्टिमस हार्डिंग, भला माणूस आहे. चेलो वाजवतो, म्हाताऱ्यांशी गोड बोलतो, पदरच्या पैशांतून प्रत्येकाला रोज दोन पेनी जास्त देतो. (या दोन पेनींचे वर्षाचे बासष्ट पौंडांवर होतात असे ट्रोलप लिहितो. गुणाकार केला तर साडेछत्तीसच भरतात. धर्मादायाच्या हिशेबात आकडे असे फुगतातच!) दान म्हाताऱ्यांच्या नावाने आले, वाढ वॉर्डनची झाली, आणि त्या वाढीतले दोन पेनी परत आले तेही उपकार म्हणून. व्यवस्था चालवायला वाईट माणूस लागतो असे नाही, हे ट्रोलपने नकळत दाखवले आहे.

हे त्याच्या डोक्यातून निघालेले नव्हते. विंचेस्टरच्या सेंट क्रॉस या बाराव्या शतकातील आश्रमाचे प्रमुखपद तेथील बिशपने आपल्या मुलालाच दिले होते. हे चिरंजीव पुढे अर्ल ऑफ गिलफर्ड झाले. उत्पन्नाचा मोठा वाटा ते घेत राहिले आणि १८५३ साली न्यायालयाचा निकाल त्यांच्या विरोधात गेला. रॉचेस्टरमध्ये कॅथेड्रलच्या शाळेचा मुख्याध्यापक रॉबर्ट व्हिस्टन याने १८४९ मध्ये पुस्तिका काढून दाखवून दिले की, आठव्या हेन्रीच्या काळात विद्यार्थ्यांचे जे पैसे ठरले ते तसेच गोठून राहिले आणि धर्माधिकाऱ्यांचे उत्पन्न मात्र जमिनीबरोबर वाढत गेले. व्हिस्टनला त्यांनी बडतर्फ केले. तो लढला आणि आपली जागा परत मिळवली. गरिबाचा वाटा आकड्यात बांधायचा आणि आपला वाटा 'उरलेले सर्व' असा लिहायचा, ही युक्ती सर्व धर्मांच्या पुजाऱ्यांना ठाऊक असते.

कादंबरीत हा प्रश्न उचलतो जॉन बोल्ड हा तरुण सर्जन. तो दावा लावतो. आश्रमात अर्ज फिरतो, प्रत्येकाला वर्षाला शंभर पौंड मिळतील असे सांगितले जाते. लिहिता न येणारे म्हातारे कागदावर फुल्या मारतात. कोर्टाच्या आवारात अंगठे घेणारा आणि अंगठे देणारा अशा दोघांनाही रोज पाहणाऱ्या माणसाला हे प्रकरण वाचताना हसू येत नाही. ट्रोलप मात्र हसतो. त्याच्या लेखी ते लोभाला बळी पडलेले भोळे जीव आहेत. शंभर पौंड मागणे हा लोभ, मग आठशे घेणे म्हणजे काय?

पुढे खरी मौज कायद्याची आहे. चर्चच्या बाजूने देशाचा अॅटर्नी जनरल सर अब्राहम हॅफहॅझर्ड. मृत्युपत्राचा अर्थ काय, पैसा कोणाचा, या प्रश्नांना तो हातच लावत नाही. तो म्हणतो, दावाच चुकीच्या माणसांवर आहे. वॉर्डन आणि कारभारी हे तर पगारी नोकर, त्यांना प्रतिवादी करून काय उपयोग? झाले, संपले. आवश्यक पक्षकार नाही म्हणून दावा चालत नाही, हे वाक्य किती गरिबांनी किती न्यायालयांत ऐकले असेल! हार्डिंग बिचारा लंडनला जाऊन त्याला रात्री गाठतो आणि विचारतो, मला या पैशांवर खरोखर हक्क आहे का? सरळ उत्तर मिळत नाही. संपूर्ण कादंबरीत हा साधा प्रश्न विचारणारा तो एकटाच, आणि त्याला मी त्याचे श्रेय देतो. तो राजीनामा देतो आणि ७५ पौंडांच्या लहानशा चर्चमध्ये जातो.

पण त्याआधी बोल्ड दावा सोडून देतो. का? हार्डिंगची मुलगी एलेनॉर त्याला आवडते, ती रडते, विनवते. सुधारकाचे मन द्रवते. म्हाताऱ्यांच्या फुल्या घेऊन उभा केलेला दावा एका दिवाणखान्यात मिटतो. त्या बारा जणांना कोणी विचारले? आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश १, नियम ८ आहे. अनेकांच्या वतीने लावलेला दावा मागे घ्यायचा किंवा त्यातली मागणी सोडायची, तर हितसंबंध असलेल्या सर्वांना न्यायालयाने नोटीस दिली पाहिजे, असे १९७६ च्या दुरुस्तीने त्यात स्पष्ट घातले आहे. हा नियम कोणाला कोरडा वाटत असेल तर त्याने 'द वॉर्डन' वाचावी. चळवळीतल्या आम्हा लोकांनी तर जरूर वाचावी, कारण बोल्ड हा आमच्यातलाच आहे. अर्ज आमच्या घोषणेवर होतो, फुली त्यांची पडते, आणि समझोता पुन्हा आमच्याच सोयीने होतो.

शेवट काय? बिशप नवा वॉर्डन नेमतच नाही. म्हातारे एकेक करून मरतात, रिकाम्या जागा भरल्या जात नाहीत, बाग उजाड होते. शंभर पौंड दूरच, ते दोन पेनीही गेले. ट्रोलप आत्मचरित्रात म्हणतो की, दोन दुष्कृत्ये त्याला डाचत होती: चर्चच्या धर्मादाय पैशांचा गैरवापर आणि तो पैसा घेणाऱ्या निष्पाप धर्मगुरूंवर वर्तमानपत्रांनी चालवलेला मारा. दोन्ही एकाच तराजूत! एकाची बदनामी झाली आणि बारा जणांची भाकरी गेली, यांचे वजन सारखे कसे?

म्हाताऱ्यांच्या बाजूने, म्हणजे आवारातल्या नोकरांच्या बाजूने पाहणारा लेखक हवा असेल तर स्पेनमध्ये जावे लागते. व्हिसेंते ब्लास्को इबान्येझची 'ला कातेद्राल' १९०३ सालची. टोलेडोच्या कॅथेड्रलच्या वरच्या मजल्यावरील खोल्यांत पिढ्यानपिढ्या तेथेच राबणारी कुटुंबे राहतात. आजोबा माळी, बाप माळी, मुलगाही माळी. खाली देवीच्या मूर्तीवर जडजवाहीर, वर चांभाराचे तान्हे मूल उपासमारीने मरते. गेब्रियल लुना हा आजारी बंडखोर तेथे भावाकडे आश्रयाला येतो आणि या नोकरांना जागे करू लागतो. ते ऐकतात, पण त्यांच्या पद्धतीने! एका रात्री तो पहाऱ्यावर असताना त्याचेच श्रोते दागिने चोरायला येतात. तो आडवा होतो आणि त्यांच्याच हातून मरतो. ब्लास्को इबान्येझचा हा शेवट मला कटू वाटतो, पण खोटा वाटत नाही. भुकेल्याला अर्धवट विचार दिला की तो हाताला लागेल ते उचलतो.

विल्यम गोल्डिंगच्या 'द स्पायर'मध्ये (१९६४) याहून भयानक आहे. सॉल्सबरीच्या कॅथेड्रलशेजारच्या शाळेत तो मास्तर होता. जोसेलिन या धर्माधिकाऱ्याला पाया नसलेल्या इमारतीवर चारशे फुटांचा कळस हवा आहे. झाडू घेऊन वावरणारा लंगडा नोकर पँगल, ज्याच्या पिढ्या तेथे खपल्या, त्याची कामगार टिंगल करतात आणि एक दिवस तो दिसेनासा होतो. अपशकुन टळावा म्हणून त्याला जमिनीखाली गाडले, हे लेखक थेट सांगत नाही, वाचकाला उमगत जाते. पुरंदरच्या बुरुजाखाली महार जोडपे पुरल्याची आख्यायिका ज्यांच्या घरात सांगितली जाते, त्यांना ते लवकर उमगेल.

बार्चेस्टरच्या आश्रमाचे पुढे काय झाले ते १८५७ च्या 'बार्चेस्टर टॉवर्स'मध्ये आहे. पार्लमेंट कायदा करून नवी योजना लावते: बारा म्हातारे, त्यांच्या जोडीला बारा म्हाताऱ्या बाया, आणि वॉर्डनला ४५० पौंड. कादंबरीभर चुरस चालते ती या जागेवर कोण बसणार याची. बिशप, त्याची बायको, त्याचा खासगी पाद्री, सर्वांचे डावपेच त्यासाठी. जागा मिळते चौदा मुलांचा बाप असलेल्या एका पाद्र्याला. शेवटी हार्डिंग स्वतः त्याच्या हातात हात घालून त्याला आश्रमात नेतो आणि म्हाताऱ्यांना सांगतो, हे तुमचे नवे वॉर्डन.