लॅपटॉप : हलका की ताकदवान?

मुलीला कॉलेजसाठी लॅपटॉप घ्यायचा असेल, तर दुकानात जाण्याआधी तिच्या अभ्यासक्रमाला कोणते सॉफ्टवेअर लागते ते विचारा. बी.कॉम., बी.एड. किंवा साधे कोडिंग असेल, तर सव्वा-दीड किलोचा हलका लॅपटॉप पुरतो. बसच्या गर्दीत खांद्याला झेपतो, चार्जिंगही जास्त टिकते. मात्र त्यात रॅम बऱ्याचदा नंतर वाढवता येत नाही, म्हणून सुरुवातीलाच १६ जीबी घ्या.

आर्किटेक्चर किंवा थ्रीडी डिझाइन असेल, तर वेगळे ग्राफिक्स कार्ड हवे. मग दोन-अडीच किलो वजन आणि जड चार्जर आलाच.

कष्टाच्या कमाईत दिखाव्यासाठी फुजूलखर्ची नको. पण ‘भावाला मोठा, बहिणीला स्वस्तातला’ असेही नको. ज्याचे काम जड, त्याला ताकदवान लॅपटॉप द्या.