झिपऱ्या हेल्व्हेशियाचा रेशीमधागा

स्वित्झर्लंडमध्ये १८५४ पासून निघालेली, कात्रीने कापून वापरायची टपाल तिकिटं मला फार प्रिय आहेत. त्यांवर बसलेल्या हेल्व्हेशियाचं, त्या देशाच्या स्त्रीरूपाचं, डोकं इतकं पिंजारलेलं दिसतं, की तिकडचे संग्राहक त्यांना ‘श्ट्रुबेली’, म्हणजे झिपरी, म्हणतात. पण खरा ऐवज पाठीमागे आहे. नकली तिकिटं निघू नयेत म्हणून कागद तयार होतानाच त्यात रेशमाचा धागा आडवा घालत. ही युक्ती जॉन डिकिन्सन या इंग्रज कागद-कारखानदाराची. छपाई आधी म्युनिकला, मग बर्नला झाली. धाग्याचा रंग किमतीनुसार आणि छपाईनुसार बदलत गेला, शेवटी सगळ्या किमतींना हिरवाच आला. त्यामुळे रंग चुकला की तिकिटाचा काळ चुकतो, मोलही. आणि तो चुकणं सोपं आहे: जुन्या डिंकाच्या पिवळट थराखाली निळा धागा चक्क हिरवा भासतो. धाग्याची रेघ कागदाच्या पोटात नसून नुसती वर ओढलेली दिसली, तर तिकीट बाजूलाच ठेवावं. विकत घेण्याआधी ते दिवसाउजेडी खिडकीशी पालथं धरा, भिंग लावा, आणि कापलेल्या कडेला धाग्याचं टोक दिसतं तिथेच रंग ठरवा.